श्रावण, सोडा आणि बुटीबोरीची वाट

वर्धा जिल्ह्यात बार नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून इथं दारूबंदी आहे. गांधीजी १९३४ साली वर्ध्याला आले, १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. पलीकडे पवनारला विनोबांचा आश्रम. अशा जिल्ह्यात दारूचं दुकान शोभत नाही, या भावनेतून ही बंदी आली. गडचिरोलीत ती १९९३ साली आली, चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठलीही. वर्ध्याची मात्र पन्नाशीच्या घरात पोचली तरी कायम आहे. तेव्हा महिनाभर दारू सोडून बारमधल्या मैफलीत कसं बसावं, हे सांगायला वर्धा निवडणं म्हणजे थट्टाच, असं कुणालाही वाटेल.

पण जिल्ह्याच्या नकाशाकडे नीट पाहा. पश्चिमेला वर्धा नदी. पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. देवळीवरून पुढे निघालं की यवतमाळ. आणि सेलू, केळझर मागे टाकून नागपूरच्या रस्त्याला लागलं की बुटीबोरी. बंदीचा कायदा जिल्ह्याच्या हद्दीला थांबतो आणि पलीकडे परमिट रूमच्या पाट्या दिसायला लागतात. शिवाय जिल्ह्याच्या आतही सारं कोरडं आहे, असं इथला कुणी शपथेवर सांगणार नाही. नाल्याकाठी पुरलेले मोहाच्या सडव्याचे ड्रम पोलीस फोडतात, गावागावांतली महिला मंडळं भट्ट्यांवर चाल करून जातात, आणि तरी वावरातल्या खोपडीत चढ्या भावाचा पव्वा पोचतोच. फरक इतकाच, की इथलं पिणं एक तर चोरून होतं किंवा ठरवून होतं. संध्याकाळी घरी जाता जाता सहज एक घेतली, ही सोय वर्धेकराला नाही. त्याला चारपाच जण जमवावे लागतात, गाडी काढावी लागते, पन्नासेक किलोमीटर जावं लागतं आणि रात्री तेवढंच परत यावं लागतं.

एवढा खटाटोप माणूस कशासाठी करतो? नुसती दारूच हवी असेल तर ती घरापासून अर्ध्या कोसावर चोरून मिळते. बुटीबोरीची वाट धरणाऱ्याला टेबल हवं असतं. त्याला हवा असतो तो दीड-दोन तासांचा निवांतपणा, जिथं कापसाचा भाव, बदल्या, सोयरिकी, मागच्या निवडणुकीतले हिशेब आणि शाळेतल्या मास्तरांच्या नकला एकाच दमात होतात. महिनाभर दारू सोडायची म्हटलं की बहुतेकांच्या पोटात गोळा येतो तो या टेबलासाठी. ग्लास सुटेल हो, पण खुर्चीही सुटली तर?

या भीतीवर आपल्याकडे फार जुना तोडगा आहे: श्रावण. आषाढी अमावास्या झाली की दुसऱ्या दिवसापासून दारू-मटण बंद. मुंबई-पुण्याकडे ही अमावास्याच गटारी म्हणून गाजते. विदर्भात ती जिवतीची अमावास्या, पण तिच्याआधी उरकून घेण्याची घाई तीच. आणि श्रावण संपतो पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. त्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा आणि तिथले मोठमोठे लाकडी नंदी पाहायला दूरदूरची माणसं जातात. मोठ्यांसाठी मात्र करीला मटणाचा रस्सा आणि त्याच्यासोबत जे काय असेल ते. म्हणजे विदर्भातला हा कोरडा महिना दोन ओल्या दिवसांच्या मध्ये चेपून बसवलेला आहे. धर्मशास्त्राला हे अभिप्रेत होतं की नाही, ते पंडितांनी पाहावं. माणसाच्या स्वभावाला ते पक्कं ओळखून आहे.

टेबलावर याचा उपयोग कसा होतो, तो संवाद ऐकण्यासारखा असतो.

‘काऊन बे, तू नाही घेत?’

‘श्रावण आहे ना भाऊ.’

‘अबे, एक घेतली तं काय होते?’

‘पोळा होऊ दे, मग पाहू.’

आणि विषय संपला. हेच त्यानं ‘डॉक्टरांनी सांगितलं’ म्हटलं असतं तर तपासणीचे आकडे विचारले गेले असते. ‘सोडायचा विचार आहे’ म्हटलं असतं तर सारं टेबल त्याचा विचार बदलण्याच्या कामाला लागलं असतं. श्रावणाला कुणी कारण विचारत नाही. त्यात पिणाऱ्यावर टीका नाही, कारण तो उपदेश करत नसतो, पाळत असतो. आणि त्याला शेवटची तारीख आहे. ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्याला मित्र बिचकतात. ‘पोळ्यानंतर’ म्हणणाऱ्याची खुर्ची शाबूत राहते.

शेजारच्या तेलंगणात अय्यप्पाची दीक्षा घेणारे ४१ दिवस काळे कपडे घालून, दारू-मांस सोडून राहतात. तिथं व्रत अंगावरच दिसतं, त्यामुळे आग्रह करायला कुणी धजत नाही. आपल्याकडे वारकऱ्याची तुळशीची माळ तेच काम करते, पण माळ आयुष्याची असते. एक महिन्याची, जाहीर आणि परतीची वाट ठेवणारी सवलत श्रावणच देतो.

इंग्लंडमध्ये हीच कल्पना २०१३ साली नव्यानं मांडली गेली. अल्कोहोल कन्सर्न नावाच्या संस्थेनं ‘ड्राय जानेवारी’ मोहीम सुरू केली. पहिल्या वर्षी चारएक हजारांनी नावं नोंदवली, पुढे तिथल्या पबांमध्ये जानेवारीत बिनदारूची बिअर हा नित्याचा प्रकार झाला. नाताळातल्या खाण्यापिण्यानंतर येणारा महिना, सगळ्यांना ठाऊक असलेली सुरुवात आणि शेवट. साधर्म्य ओळखीचं वाटेल. फरक असा, की त्यांनी त्याचा अभ्यासही केला. ससेक्स विद्यापीठातल्या रिचर्ड डी व्हिसर यांनी २०१८ साली भाग घेतलेल्या आठशेहून अधिक जणांना ऑगस्टमध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा आठवड्यातले पिण्याचे दिवस सरासरी ४.३ वरून ३.३ वर आले होते आणि झिंग चढेपर्यंत पिण्याचे प्रसंग महिन्याला ३.४ वरून २.१ वर. यात एक गोम आहे. नाव नोंदवणारे मुळातच सोडायच्या तयारीचे असतात. साऱ्या गावाला एकदम श्रावण पाळायला लावला तर हेच आकडे येतील, असं नाही. पण महिना संपल्यावर लोक दुप्पट पितात, हा समजही त्यातून टिकत नाही. आपल्या श्रावणाचा असा कुणी हिशेब ठेवला तर वाचायला मला फार आवडेल.

शरीराचं काय होतं? लंडनमध्ये गौतम मेहता आणि सहकाऱ्यांनी बऱ्यापैकी पिणाऱ्या ९४ जणांना महिनाभर दारूविना ठेवून मोजमापं घेतली; तो अभ्यास २०१८ साली ‘बीएमजे ओपन’मध्ये आला. इन्शुलिनला शरीर दाद देत नाही, ही तक्रार सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली. वरचा रक्तदाब साडेसहा टक्क्यांच्या आसपास उतरला, वजन दीड टक्क्यानं. ही माणसं व्यायामाला लागली नव्हती की त्यांनी खाणं बदललं नव्हतं. वजनाचं गणित तर घरीही मांडता येतं. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. १८० मिलिलिटरच्या पव्व्यात ते साधारण ६० ग्रॅम भरतं, आणि एका ग्रॅमला ७ उष्मांक धरले तर सव्वाचारशे उष्मांक होतात. चखणा वेगळा.

झोपेची गोष्ट थोडी उलटी असते. पिऊन पडलं की लवकर डोळा लागतो, पण स्वप्नांची झोप आखडते आणि उत्तररात्री सारखी जाग येते. रोजची सवय असलेल्याला सोडल्यावर पहिले काही दिवस झोपच येत नाही, आणि तिथंच तो म्हणतो की ‘आपल्याला सूट नाही होत’. हा पहिला आठवडा ढकलावा लागतो. पुढे झोप हळूहळू रुळावर येते.

मात्र एका माणसानं श्रावणाच्या भरवशावर दारू सोडू नये. सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात आणि एक घोट घेतल्यावरच थांबतात, त्याचा मेंदू दारूच्या सवयीनं बदललेला असतो. ती एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोनचार दिवसांत भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणं, ताप, घाम अशी अवस्था येऊ शकते आणि ती जिवावर बेतते. घरचे समजतात, अंगात काही शिरलं. अशा माणसानं दवाखान्यात राहून, औषधं आणि ब१ जीवनसत्त्व घेत सोडायची असते. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कस्तुरबा रुग्णालय जिल्ह्यातच आहे. या प्रकरणातल्या बाकीच्या गमतीजमती त्याच्यासाठी नाहीत.

आता टेबलाकडे वळू. न पिणाऱ्याला पिणाऱ्यांत मजा येते का? याचं उत्तर ‘हो, का नाही’ असं झटकून देणं बरोबर नाही, कारण दारू खरोखरच काही करते. अमेरिकेत मायकल सायेट यांनी ७२० जणांना तिघातिघांच्या टोळ्यांत बसवलं, एकमेकांना न ओळखणाऱ्या. काहींना व्होडका घातलेलं पेय, काहींना बिनव्होडक्याचं, काहींना बिनव्होडक्याचंच पण ‘व्होडका आहे’ असं सांगून. त्यांच्या चेहऱ्यांच्या नोंदी बारकाईनं तपासल्यावर दिसलं, की व्होडका घेतलेले तिघं एकाच वेळी जास्त हसतात, त्यांचं बोलणं जास्त समसमान वाटलं जातं. म्हणजे परक्यांमधली ताठरता दारू सैल करते. पण बुटीबोरीच्या टेबलावर परकं कोण असतं? पाचवीपासून एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेली माणसं ती. त्यांना सैल व्हायला व्होडका लागत असेल, तर दोस्तीचीच तपासणी केलेली बरी.

दुसरा एक प्रयोग १९७३ सालचा, ॲलन मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी दारूच्या आहारी गेलेल्यांना टॉनिक पाणी दिलं, कुणाला व्होडका घालून, कुणाला न घालता, आणि काहींना सांगितलं की यात व्होडका आहे. ज्यांना व्होडका आहे असं वाटलं ते जास्त प्यायले, मग ग्लासात ती असो वा नसो. किती प्यायचं, हे ग्लासात काय आहे यापेक्षा डोक्यात काय आहे त्यावर ठरलं. टेबलावर बसून सोडा पिणाऱ्याचा आवाजही तिसऱ्या फेरीला चढतो, तोही तीच नक्कल चौथ्यांदा ऐकून हसतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. त्यात ढोंग नसतं. मैफलीची झिंग वेगळी असते आणि ती सोड्यातही उतरते.

त्यासाठी काही व्यवहार मात्र सांभाळावे लागतात. पहिला, हातात ग्लास हवा. रिकाम्या हाताच्या माणसाला वेटर सतत विचारतो आणि मित्रही. लिंबू सोडा, मीठ घालून, उंच ग्लासात मागवला की पंधरा मिनिटांनी कुणाच्या लक्षातही राहत नाही. थंड पेयांची चटक लावून घेऊ नये. ३०० मिलिलिटरच्या कोल्यात तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे. चार बाटल्या रिचवल्या तर पव्वा परवडला, निदान उष्मांकांत. दुसरा, चखण्यापासून सावध. खारे शेंगदाणे आणि मिरची मारलेला चना फुकट येतात ते तहान वाढवायला. पिणारा घोटाघोटानं खातो, न पिणारा एकटाच बशी संपवतो. श्रावण पाळणाऱ्याचं मटणही बंद, त्यामुळे पुढे सावजी जेवणात त्याच्या वाट्याला पाटवडी रस्सा आणि डाळकांदा येतो. ती काही शिक्षा नव्हे. सावजी मसाल्याची पारख करायची असेल तर ती पाटवडीवरच करावी, असं माझं मत आहे.

तिसरा व्यवहार पैशाचा, आणि तिथं मैत्र्या खरोखर कुरकुरतात. काँट्री काढताना सोडा पिणाऱ्यानं सारखा वाटा द्यायचा का? वर्धेकरांनी यावर सोपं उत्तर काढलेलं दिसतं. श्रावण पाळणारा गाडी चालवतो, त्याचा वाटा माफ. हा सौदा त्याच्यापेक्षा बाकीच्यांच्या फायद्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणाऱ्यानं गाडी चालवणं गुन्हा. पहिल्या खेपेला १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सत्तर किलोच्या माणसानं रिकाम्या पोटी घेतलेला ६० मिलिलिटरचा एकच पेग त्याला या रेषेपलीकडे नेऊ शकतो. यकृत तासाला सात-आठ ग्रॅमच्या आसपासच अल्कोहोल निकाली काढतं, कॉफी प्या नाहीतर तोंडावर पाणी मारा. म्हणजे बुटीबोरीहून वर्ध्याला परतताना स्टिअरिंगवर बसायला योग्य असा माणूस त्या टेबलावर बहुधा एकच असतो. एरवी ज्याला ‘भगत’ म्हणून चिडवतात, त्याला श्रावणात फोनवर फोन येतात.

पण टेबल बारमध्येच असलं पाहिजे, असं कुठं आहे? विदर्भात याचा विचार फार आधी झाला. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आपल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत न देता गोडाचं जेवण घातलं, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत येते. भाऊबंद नाराज झाले. मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की बाबांनी पंगत मोडली नाही. दारू गेली, पण माणसं जमली आणि जेवलीही. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना गावोगाव दिवस मावळताना होते. गुत्त्याकडे पाय वळायची वेळ नेमकी तीच. त्या वेळेला चार माणसांत बसायला दुसरी जागा आणि हातात खंजिरी दिली, तर पाय तिकडे वळतील, हे महाराजांनी पुरतं ओळखलं होतं. सरकारी दारूबंदीनं दुकानं बंद केली, बसायला दुसरी जागा दिली नाही. वर्ध्यात इतकी वर्षं बंदी असूनही बुटीबोरीची वाट वाहती राहिली, त्याचं एक मोठं कारण मला हे दिसतं.

आणि पेय हवंच असेल तर तेही वर्ध्यात शोधलं गेलं होतं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्तेधर्ते, ठिकाण वर्ध्याची मगनवाडी. ताडी बंद करा, हे गांधीजींचं म्हणणं. पण ताडी काढणाऱ्यानं मग खायचं काय? म्हणून ताडाशिंदीच्या रसाचा गूळ करण्याचे प्रयोग इथं झाले, आणि ताज्या रसाचा, नीरेचा, पुरस्कार झाला. नीरा आणि ताडी एकाच झाडाची, एकाच मडक्यातली. फरक काही तासांचा. रात्री झाडाला मडकं बांधतात, पहाटे उजाडायच्या आत उतरवतात. रसात दहा-बारा टक्के साखर असते. ऊन लागलं आणि हवेतल्या, मडक्यातल्या यीस्टला सवड मिळाली की ती साखर खाऊन ते अल्कोहोल करू लागतात, आणि संध्याकाळपर्यंत त्याची बिअरच्या तोडीची ताडी होते. मडक्याला आतून चुना फासला की आंबण्याची क्रिया अडते. चुन्याच्या एका हातावर गोड पेय आणि नशा यांची फाळणी होते. मात्र नीरा प्यायला सकाळी लवकर उठून गाडीपाशी उभं राहावं लागतं, आणि उभ्यानं प्यायच्या पेयाभोवती मैफल जमत नाही. नीरा ताडीपुढे मागे पडली, त्यात या एका गोष्टीचाही हात असणार.

श्रावणाच्या हिशेबाची खरी परीक्षा झाली २०२३ साली. त्या वर्षी अधिक श्रावण आला. जिवतीची अमावास्या १७ जुलैला, अधिक महिना १६ ऑगस्टपर्यंत, मग खरा म्हणजे निज श्रावण, आणि पोळा १४ सप्टेंबरला. महिन्याचे दोन महिने झाले. टेबलाटेबलावर धर्मचर्चा झडल्या. काहींनी अधिकाला मोकळं सोडून निज पाळला, काहींनी उलट केलं, काहींनी दोन्ही पाळले. इंग्लंडच्या जानेवारीत ही सोय नाही.

राहता राहिली कर. महिनाभर दारू न घेतलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. यकृताची घाईनं निपटायची सवय मोडते, मेंदूही पुन्हा हळवा होतो. जिवतीच्या आधी जो तीन पेगांवर ताठ बसायचा, तो करीला दोनांवर लुडकतो. त्यामुळे त्या दिवशी पहिला पेग निम्मा भरावा, जेवणानंतर भरावा, आणि निघण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवून ठेवावी. महिनाभर गाडी चालवणारा आज स्वतःच ग्लास घेऊन बसणार आहे, तेव्हा केळझरच्या अलीकडे गाडी कुणी आणायची, याचा बंदोबस्त बुटीबोरीला पोचायच्या आत झालेला बरा.